वॉलेटमध्ये फुकट आलेलं टोकन: लपवा, पण हात लावू नका

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर, खास बसमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी.

"पोर्टफोलिओ अ‍ॅपमध्ये काल नऊ हजार होते, आज चार लाख दिसतायत. मी काहीच विकत घेतलेलं नाही. काढून घेऊ का?" या धाटणीचा प्रश्न बरेच जण विचारतात. उत्तर आधीच देतो: नाही. कारण ते पैसे नाहीतच. का नाहीत, ते बघू.

ब्लॉकचेनवरचा तुमचा पत्ता म्हणजे दाराबाहेरची पत्रपेटी. त्यात कुणीही काहीही टाकू शकतं, तुमची परवानगी लागत नाही. इथेरियमवरची बहुतेक टोकन्स ईआरसी-२० नावाच्या नियमाने चालतात. त्यात शिल्लक तुमच्या वॉलेटमध्ये नसतेच. ती त्या टोकनच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधल्या तक्त्यात असते: अमुक पत्ता, तमुक टोकन्स. कॉन्ट्रॅक्ट लिहिणारा तुमच्या पत्त्यापुढे दहा लाख लिहून मोकळा होतो. टोकनचं नावही तोच ठरवतो. 'यूएसडीसी' असं नाव दिलं तरी अडवणारं कुणी नाही.

मग अ‍ॅप रुपयांचा आकडा कुठून आणतं? शिल्लक गुणिले भाव, बस्स. आणि गंमत या भावातच आहे. समजा, एका लिक्विडिटी पूलमध्ये हजार टोकन्स आणि हजार डॉलर आहेत. भाव झाला एक डॉलर. तुमच्याकडे एक लाख टोकन्स टाकली, की अ‍ॅप दाखवणार एक लाख डॉलर. पण पूलमध्ये मुळात हजारच डॉलर असतील, तर त्याहून जास्त निघणार कुठून? त्यात अनेक स्पॅम कॉन्ट्रॅक्टमध्ये तुम्हाला विकताच येणार नाही, अशी सोय आधीच करून ठेवलेली असते.

खरा बाजार असलेल्या टोकनचंही असं होतं. शिबा इनूवाल्यांनी निम्मी टोकन्स न मागता विटालिक ब्युटेरिनच्या पत्त्यावर पाठवली होती. मे २०२१ मध्ये त्याने त्यातली ५० लाख कोटी टोकन्स भारतातल्या कोविड मदतीसाठी क्रिप्टो रिलीफ फंडाला दिली. त्या वेळच्या भावाने ती एक अब्ज डॉलरच्या वर जात होती. पण बातमी फुटताच भाव घसरला. एवढा माल एकदम विकणं शक्यच नव्हतं. म्हणजे स्क्रीनवरचा आकडा वेगळा, हातात येणारी रक्कम वेगळी.

स्पॅमवाल्याला यातून काय मिळतं? टोकनच्या नावातच बहुतेकदा एखादी वेबसाइट असते: 'इथे या, बक्षीस घ्या'. तुम्ही जाता, वॉलेट जोडता, 'अप्रूव्ह' दाबता. ही परवानगी बहुधा तुमच्या खऱ्या टोकन्सची असते. एकदा दिली, की समोरचा ती परस्पर उचलतो. त्यासाठी त्याला तुमचा पासवर्ड लागत नाही.

आता कामाचं बोलू.

एक, नाव नाही, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता तपासा. नावाची नक्कल होते, पत्त्याची नाही. खरा पत्ता त्या प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरून घ्या.

दोन, ट्रॅकरमध्ये ते टोकन स्पॅम म्हणून नोंदवा किंवा दुर्लक्षित यादीत टाका. रॉटकीसारख्या ओपन सोर्स ट्रॅकरमध्ये ही सोय आहे. साखळीवरून काही पुसलं जात नाही, फक्त तुमचा हिशोब स्वच्छ होतो. टोकन दुसरीकडे पाठवून 'साफसफाई' करू नका. गॅस फी तुमच्या खिशातून जाते.

तीन, व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करू नका. तुमच्या ओळखीच्या पत्त्याशी सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता तयार करून, तिथून शून्य रकमेचे व्यवहार यादीत घुसवले जातात. घाईत नजर चुकली, की पैसे भलतीकडेच.

चार, आधीच कुठे अप्रूव्ह दाबलं असेल, तर रिव्होक डॉट कॅश किंवा इथरस्कॅनच्या टोकन अप्रूव्हल पानावर जाऊन परवानगी आजच काढा. यालाही थोडी गॅस फी पडते, पण ती वसूल आहे.

पाच, रिपोर्ट सीएला देण्याआधी दुर्लक्षित यादी एकदा बघा. भारतात २०२२-२३ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. खोट्या भावाचं स्पॅम उत्पन्न म्हणून मोजलं गेलं, तर सगळा हिशोबच बिघडतो.

आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. फिल्टर चुकतात, खरं टोकनही कधी लपतं. फुकटचं सगळंच खोटं असतं असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅपने जुन्या वापरकर्त्यांना प्रत्येकी ४०० युनी दिली होती. पण ती लोकांनी युनिस्वॅपच्या स्वतःच्या साइटवर जाऊन घेतली होती, एखाद्या टोकनच्या नावातल्या लिंकवरून नाही.

तेव्हा आज रात्री ट्रॅकर उघडा, अनोळखी नावं बाजूला करा आणि उरलेला आकडा बघा. कमी दिसेल, पण तुमचा असेल. भेटू पुढच्या भागात!