आई रोवणीला, बाळ शेजारच्या घरी : दिवसा झोपतच नसेल तर काय करायचं?

भंडारा : पाऊस जमला की जिल्ह्यात रोवणीची घाई सुरू होते. लाखांदूर असो की तुमसर, बाया सकाळीच बांधीवर निघतात. घरी आजी असली तर ठीक, नाहीतर तान्हं बाळ शेजारच्या काकूकडे राहते. एकाच घरी दोन-तीन बाळं जमली की त्या घराचंच पाळणाघर होते. खाणं-पिणं, शी-शू कसंतरी निभते. अडते ते झोपेपाशी. एक झोपलं की दुसरं रडते, आणि त्याच्या रडण्याने पहिलं उठते.

किती झोप लागते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 4 ते 11 महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र मिळून 12 ते 16 तास, आणि 1 ते 2 वर्षांच्या लेकराला 11 ते 14 तास झोप हवी. यात दिवसाची झोपही आली. सहा महिन्यांचं बाळ दिवसात दोन-तीनदा झोपते. दीड वर्षाच्या आसपास दुपारची एकच झोप उरते. म्हणून सगळ्या लेकरांना एकाच वेळी झोपवायचा हट्ट नको.

बाळ झोपत का नाही?

बहुतेक वेळा कारण एकच असते, वेळ निघून गेलेली असते. बाळ डोळे चोळते, कान ओढते, जांभई देते, एकटक पाहत राहते. ही झोपेची खूण आहे. तेव्हा नाही झोपवलं तर ते जास्त थकते, चिडते आणि मग झोप येऊनही झोपत नाही. 4-5 महिन्यांचं बाळ उठल्यावर साधारण दीड-दोन तासांत, तर 8-9 महिन्यांचं अडीच-तीन तासांत पुन्हा पेंगते. घड्याळ पाहा, पण बाळाकडे आधी पाहा.

दुसरं कारण म्हणजे सवय. घरी आईच्या अंगावर पीत-पीत झोपणाऱ्या बाळाला परकी जागा कळते. आठ-नऊ महिन्यांत आई दिसली नाही की रडणं वाढते. हा बाळाचा हट्ट नाही, आणि सांभाळणारीची चूकही नाही.

हे करून पाहा

- सकाळी बाळ सोडताना आईला तीन गोष्टी विचारा : रात्री किती झोपलं, किती वाजता उठलं, शेवटचं दूध केव्हा प्यालं.
- आईची वापरलेली ओढणी किंवा लुगडं काकूने स्वतःच्या खांद्यावर घ्यावं. ओळखीच्या वासाने बाळ शांत होते. ते कापड झोपलेल्या बाळाजवळ मात्र ठेवू नका.
- रोज तोच क्रम ठेवा : लंगोट बदलणं, पोट भरणं, खोलीत अंधार, मग थोपटणं आणि एकच अंगाई. आठ-दहा दिवसांत बाळाला क्रम कळतो.
- सर्वात लहान बाळाला आधी झोपवा. मोठ्यांना तेवढा वेळ अंगणात खेळू द्या. जेवणानंतर मोठी लेकरं एकत्र झोपतील.
- टिनाच्या घरात उकाडा असतो. बाळाच्या मानेला हात लावा. घाम असेल तर कपडे कमी करा.
- संध्याकाळी उशिरा लांब झोप नको. नाहीतर रात्री आईचं जागरण ठरलेलं.

झोपवताना जपा

वर्षाच्या आतलं बाळ नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवा. उशी, गोधडी, मऊ खेळणी बाजूला ठेवा. झोळीत डोळा लागला की बाळाला खाली अंथरुणावर घ्या. झोळीत मान दुमडून श्वास अडू शकतो. बाळाजवळ बिडी ओढू नका, आणि ज्या खोलीत बिड्या वळतात तिथे बाळाला झोपवू नका.

औषध देऊन झोपवणं नकोच

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया बाळ झोपून राहावं म्हणून अफूची गोळी देत. पर्याय नव्हता म्हणून देत, पण त्याची किंमत बाळांनी मोजली. आज गोळीची जागा सर्दीच्या सिरपने घेऊ नये. 2025 मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपमुळे 20 पेक्षा जास्त लेकरं दगावली. सर्दी-खोकला म्हणूनच ते दिलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने सूचना काढली, की 2 वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीचं औषध देऊ नये. मग झोपेसाठी तर प्रश्नच नाही.

रडणं सहन होत नसेल तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवा, दोन-चार मिनिटं दाराशी उभं राहून पाणी प्या, कोणाला तरी हाक मारा. रागात बाळाला कधीच गदागदा हलवू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

बाळ नेहमीपेक्षा जास्त सुस्त असेल, उठवूनही दूध पीत नसेल, ताप असेल किंवा श्वास जोरात चालत असेल तर ती झोप समजू नका. लगेच आरोग्य केंद्रात न्या, नाहीतर 108 ला फोन करा. आशाताई बाळाच्या 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यात घरी येतात. त्या दिवशी सांभाळणाऱ्या काकूलाही सोबत बसवा. दिवसभर बाळ तिच्याच हातात असते, तेव्हा माहितीही तिच्यापर्यंत पोचली पाहिजे.