आधी मोजणी, मग घर

येत्या जनगणनेची चर्चा जातीचा रकाना आणि मोबाइलवरची नोंद यांभोवतीच फिरते आहे. 1 मार्च 2027 हा संदर्भदिन ठरलाय. पण ज्यांच्या घराला दारच नाही, त्यांचा घरक्रमांक कुठे टाकणार? मागच्या खेपेला बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारी 2011च्या एका रात्रीत उरकली. देशात 17.7 लाख, मुंबईत साधारण 57 हजार माणसं भरली.

एका रात्रीत डोकी मोजून होतात, संसार नाहीत. शीला पटेल यांच्या चाळीस वर्षांच्या कामाचा पाया हाच आहे.

‘टाटा समाजविज्ञान संस्थे’त समाजकार्य शिकलेल्या पटेल यांनी 1984 मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘स्पार्क’ ही संस्था काढली. कामाची जागा होती भायखळा आणि आसपासचे फूटपाथ. पुढच्याच वर्षी, 10 जुलै 1985ला, फूटपाथवरच्या झोपड्या पाडण्याविरुद्धच्या ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. मात्र नोटीस देऊन फूटपाथ मोकळे करायला पालिकेला मुभाही दिली. झोपड्यांना अभय होतं ते 31 ऑक्टोबरपर्यंत, पावसाळा सरेस्तोवर.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ने फूटपाथवर राहणाऱ्यांची मोजणी केली. सुमारे 6 हजार कुटुंबं, 27 हजार माणसं. कुठून आलात, किती वर्षं झाली, काम काय, कामावर जाता कसे, असे साधे प्रश्न. ‘वी, द इनव्हिजिबल’ या अहवालातून दिसले ते चालत कामावर जाणारे, वर्षानुवर्षं त्याच जागी संसार मांडलेले मजूर. फूटपाथवर फिरस्ते आणि गुंडच राहतात, या समजाला आकड्यांनी उत्तर मिळालं.

खरी करामत पुढे आहे. 1986 मध्ये भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ ही बचत करणारी संघटना उभी केली. जोडीला जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ होता. बचतीसाठी झोपडी-झोपडी फिरणाऱ्या बाईला आपोआप कळतं, कुणाचं काम सुटलं, कुठे आजारपण आहे. कुठलाही सरकारी तक्ता हे टिपत नाही. याच बायकांनी आपल्या घराचा आराखडाही स्वतः आखला: 14 फूट उंची, आत पोटमाळा. लाकूड-कापडाचं पूर्ण मापाचं घर उभारून तो लोकांना दाखवला.

पुढे मानखुर्दच्या मिलन नगरात यांतल्या कुटुंबांना पक्की घरं मिळाली. मोठं यश, पण बोचणारंही. भायखळ्यात चालत गाठता येणारं काम मानखुर्दहून लोकलने गाठावं लागतं. उपजीविकेच्या हक्काचा निकाल ज्या शहरातल्या झोपड्यांवरून लागला, त्याच शहरात घर आणि रोजगार यांची अशी फारकत व्हावी, हे पुनर्वसनाच्या धोरणाचं अपयश आहे. ते बायकांच्या माथी मारता येणार नाही.

पटेल यांना पद्मश्री मिळाली 2011 मध्ये, म्हणजे बेघरांना एका रात्रीत मोजलं गेलं त्याच वर्षी. त्यांच्या कामाचा गौरव झाला, पद्धत मात्र उचलली गेली नाही. या खेपेला ती उचलायला हवी. प्रत्येक वॉर्डात फूटपाथवर राहणाऱ्या दोन-चार बायकांना प्रगणकांच्या सोबत घ्या आणि एका रात्रीऐवजी निदान आठवडाभर द्या. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही; पालिका आयुक्तांनी आतापासून तयारीला लागावं.