खरखरीचा पत्ता

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून घासून त्याला अगदी हलका उतार देतो, आणि वादक तारेखालचा सुताचा दोरा मागेपुढे सरकवून तार नेमकी कुठे टेकावी ते ठरवतो. त्या टेकण्यातून जो झणकार उमटतो तीच जवारी. अकूस्टिक गिटारची तार कंप पावताना फ्रेटला टेकली की मात्र तिला खरखर म्हणतात आणि दुरुस्तीला नेतात. दोन्हीकडे घडते ते सारखेच. फरक एवढाच की तंबोऱ्यावर टेकण्याची जागा माणसाने निवडलेली असते आणि गिटारवर ती न विचारता आलेली असते. म्हणून गिटारच्या सेटअपचे पहिले काम खरखर घालवणे नव्हे, तिचा पत्ता शोधणे हे आहे.

हा पत्ता गिटार स्वतःच सांगते. फक्त मोकळी तार खरखरत असेल आणि पहिल्या फ्रेटवर दाबताच स्वच्छ वाजत असेल, तर बहुधा नटची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची, खाच झिजून खोल गेलेली असते. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर आवाज बिघडत असेल तर मान गरजेपेक्षा सरळ किंवा उलटी वाकलेली असण्याचा संभव मोठा. बाराव्या फ्रेटच्या आसपास खरखर असेल तर सॅडलची, म्हणजे पेटीवर तारा टेकतात त्या पट्टीची, उंची किंवा मान आणि पेटी यांचा सांधा संशयित ठरतो. एकाच जागी असेल तर शेजारचा एखादा फ्रेट वर आलेला असतो. तीन फ्रेटांवर छोटी सरळ पट्टी ठेवली की ती डुलते आणि चोर सापडतो. आणि कोणताही स्वर वाजवला तरी खरखर होत असेल, तर फ्रेट सोडून खुंट्यांचा आवळायचा एखादा नट सैल आहे का ते तपासावे.

पोलादी तारांच्या गिटारवर एकूण ताण सुमारे ७० किलोंचा असतो. तो मानेला पुढे ओढतो आणि आतला ट्रस रॉड त्याला विरोध करतो. तार मध्यभागी सर्वांत रुंद डोलत असल्याने मानेला किंचित खोलगटपणा हवाच. पहिला आणि चौदावा फ्रेट एकाच वेळी दाबले की तारच सरळपट्टी होते. सातव्या फ्रेटपाशी उरलेली फट ०.१ ते ०.३ मिलिमीटर असावी. फट नसेल तर रॉड पाव फेरा सैल करायचा, पुन्हा सुरात लावून मोजायचे. त्यानंतरच बाराव्या फ्रेटवरची उंची पाहायची: जाड तारेखाली साधारण २.४, बारीक तारेखाली १.८ मिलिमीटर. सॅडल १ मिलिमीटर उतरवला की इथे निम्मा, म्हणजे अर्धा मिलिमीटर फरक पडतो. क्रमाचे कारण साधे आहे: रॉडचा फेरा परत फिरवता येतो, घासलेला सॅडल परत वाढत नाही.

यावर कुणी म्हणेल, सॅडलखाली पातळ पट्टी सरकवून तारा वर उचलल्या की काम भागले. खरखर थांबेलही, पण मूळ दोष मानेत असेल तर तो तसाच राहतो, बोटांना जोर जास्त लागतो आणि दाबलेला स्वर चढा येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रॉड इतका आवश्यक असता, तर मार्टिन कंपनीने फिरवता येणाऱ्या रॉडशिवाय १९८५पर्यंत नावाजलेल्या गिटारी कशा बनवल्या? उत्तर असे की त्या गिटारींत मान पक्क्या मजबुतीने सरळ ठेवली जाई. तरीही ती वाकलीच, तर उपाय सोपा नसे, फ्रेट काढण्यापर्यंत किंवा मान सोडवून बसवण्यापर्यंत मजल जाई. रॉडने सुतारकाम टाळले नाही, चावीच्या पाव फेऱ्यात भागेल तिथे करवतीची गरज संपवली.

उरतो हवेचा प्रश्न. पावसाळ्यात कोकणातली दमट हवा पेटीचे लाकूड फुगवते, वरची फळी उचलली जाते आणि तारा उंच होतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तीच फळी खाली बसते आणि कालपर्यंत स्वच्छ वाजणारी गिटार खरखरू लागते. तेव्हा हातात कानस घेण्याआधी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत काही दिवस राहू द्यावे. जूनमध्ये तारा उंच वाटल्या म्हणून सॅडल घासला तर पुढच्या मे महिन्यात गिटार खरखरते, आणि मग दोष कारागिराचा की ऋतूचा, हे कुणालाच सांगता येत नाही.