आधी धापेवाडा, मग पंढरपूर : जुनी मेटाडोर ‘फिरतं घर’ करताना काय तपासायचं?

कळमेश्वर : माल वाहणारी कुठलीही छोटी गाडी दिसली की आपल्याकडे तिला ‘मेटाडोर’च म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. खरी मेटाडोर मात्र पुण्याजवळच्या आकुर्डीतल्या बजाज टेम्पोची. एन. के. फिरोदिया यांनी १९५८ साली सुरू केलेली ही कंपनी, २००५ पासून तिचं नाव फोर्स मोटर्स. मेटाडोरचं उत्पादन कधीचंच थांबलं, पण जुनी मेटाडोर किंवा तिच्यानंतरची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आजही कुठे गॅरेजमागे, कुठे गोठ्याशेजारी उभी दिसते.

अशी गाडी स्वस्तात घ्यायची, आत पलंग, पंखा, शेगडी बसवायची आणि कुटुंब घेऊन शेगाव, माहूर, पंढरपूर करायचं, ही कल्पना हल्ली बऱ्याच जणांच्या डोक्यात घोळते. २०२१ साली राज्य सरकारने कॅरावॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून ‘कॅरावॅन’ हा शब्दही ओळखीचा झाला. गाडीत संसार करणं तसं महाराष्ट्राला नवं नाही. तमाशाचे फड आणि जत्रेतल्या टुरिंग टॉकीज पिढ्यान्‌पिढ्या ट्रकसोबतच जगल्या. २०१६ साली कान महोत्सवात दाखवलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात अशाच टॉकीजवाल्यांची आणि त्यांच्या जुन्या यंत्रांची धडपड दिसते.

पण एक फरक लक्षात घ्या. मालाच्या गाडीत बिघाड झाला तर माल अडकतो. या गाडीत लेकरं झोपलेली असतात. म्हणून दुरुस्तीचा क्रम बदलतो. बहुतेक जण सुरुवात गादी, पडदे आणि रंगापासून करतात आणि ब्रेकपर्यंत येईस्तोवर पैसे संपतात. क्रम नेमका उलटा हवा : आधी ब्रेक-टायर, मग वायर-गॅस, मग पत्रा-पाणी, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी सजावट.

१. गाडी थांबते का?

दोन-चार वर्षं उभी राहिलेली गाडी सेल्फ मारला की चालू होऊ शकते, पण थांबेलच याची खात्री नाही. उभ्या गाडीत व्हील सिलिंडरचे रबर कडक होतात, पिस्टन गंजून अडकतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल शोषलेलं ऑइल उतारावर सतत ब्रेक दाबल्याने तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. म्हणून जुनी गाडी घेतली की चारही ड्रम उघडा, रबर किट बदला, होज पाइप बदला, ब्रेक ऑइल पूर्ण नवं टाका. पुढे दर दोन वर्षांनी ते बदलत राहा. हँडब्रेक चढावर उभं करून तपासा.

टायरची नक्षी पाहून फसू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालातला २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचं टायर बदलायचंच, आणि पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तडे तपासायचे. कमी चालणारी गाडी वर्षभर एकाच जागी उन्हात उभी असते. नक्षी झिजायच्या आधी तिचं रबर मरतं.

मग वजन. गाडी भरून, माणसं बसवून एकदा धर्मकाट्यावर न्या आणि आरसी बुकात लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. २०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे २०० किलो, म्हणजे तीन धडधाकट माणसं कायमची गाडीत बसलेली. टाकी छतावर ठेवली तर वळणावर गाडी डुलते, अगदी मागे ठेवली तर पुढचं स्टेअरिंग हलकं पडतं. टाकी खाली आणि दोन्ही चाकांच्या मधोमध हवी. कमानपाटे बसलेले असतील तर वर एक पाटा चढवून काम भागवू नका. आधी वजन कमी करा.

२. आग कुठून लागेल?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण घरचा वायरमन घरासारखीच वायरिंग करून देतो. घरात २३० व्होल्ट असतात, गाडीत १२. व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच कामाला करंट कितीतरी जास्त लागतो. साधा हिशेब बघा : ७५० वॅटचा मिक्सर घरी सव्वातीन अँपिअर घेतो. तोच मिक्सर गाडीत इन्व्हर्टरवर लावला तर बॅटरीतून पासष्ट-सत्तर अँपिअर ओढले जातात. घरात लाइट-पंख्याला वापरतात ती बारीक वायर तिथे लावली तर ती तापणार, वरचं प्लास्टिक वितळणार आणि शेजारी प्लायवूड असलं की पुढचं सांगायला नको.

त्यामुळे बॅटरी ते इन्व्हर्टर वायर जाड आणि जितकी आखूड जमेल तितकी आखूड घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज उडाला की तांब्याची तार गुंडाळायची, हा आपला जुना उद्योग इथे करायचा नाही. घराच्या भागाला वेगळी बॅटरी ठेवा, म्हणजे रात्रभर पंखा चालला तरी सकाळी सेल्फ मारायला गाडीची बॅटरी भरलेली असते. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. तिला पलंगाखालच्या बंद पेटीत कोंडू नका. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच लावा, नाहीतर धक्क्याधक्क्याने पत्रा वायर कापतो.

गॅसचं दुसरं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली जमिनीवर साचतो, म्हणजे नेमका जिथे माणूस गादी टाकून झोपतो तिथे. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी आणि तो कप्पा आतून बंद हवा. मोठ्या सिलिंडरऐवजी पाच किलोचा घ्या, उभा ठेवा, पट्ट्याने बांधा, गाडी चालताना रेग्युलेटर बंद. जोड साबणाच्या पाण्याने तपासा, काडी ओढून कधीच नाही. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायची. वास आला तर लाइटचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका. आधी सगळ्यांना खाली उतरवा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चालतो.

कोळशाची शेगडी आत नेऊन झोपणं, किंवा खिडक्या लावून इंजिन चालू ठेवून झोपणं, हे दोन्ही जीवघेणं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणसाला झोपेतून जागही येत नाही. दरवाज्याजवळ, हात पोचेल तिथे एक अग्निशामक ठेवा. आणि मागचा दरवाजा फर्निचरने बुजवू नका. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात.

३. पाणी कुठून शिरतं?

इंजिन बिघडलं तर आवाज करतं. पत्रा मुकाट्याने सडतो. छताच्या जोडातून, खिडकीच्या रबरातून, नंतर छत फोडून बसवलेल्या पंख्याच्या कडेने पाणी आत येतं, प्लायवूडच्या मागे साचतं आणि दोन पावसाळ्यांत जमिनीचा पत्रा पापडासारखा होतो. वरून गालिचा असल्याने कळतही नाही.

तपासणी सोपी आहे. गाडीवर पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन एक माणूस बसवा. गालिचा उचला, जमिनीवर पेचकसाच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा ठणठण वाजतो, सडलेला धप्प. बाहेरून एक लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. पुट्टी म्हणजे दुरुस्ती नव्हे. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड लावायचं, मगच रंग. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, डिझेलची टाकी आणि फोम दूर करा.

हे फक्त दिसण्याचं काम नाही. सायलेन्सर फुटलेला असेल आणि वरचा पत्रा सडलेला असेल, तर धूर थेट पलंगाखाली येतो. वर सांगितलेला मुका वायू याच वाटेने शिरतो. म्हणून सायलेन्सर आणि जमीन एकाच दिवशी, गाडी खड्ड्यावर घेऊन पाहा.

उन्हाचंही बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याची गाडी भट्टी होते. त्यासाठी आतून थर्माकोल लावतात. थर्माकोल झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यापेक्षा छताला पांढरा रंग, वर हवा खेळेल असं दुसरं पत्र्याचं छत्र आणि समोरासमोर दोन खिडक्या, एवढ्याने बराच फरक पडतो.

४. इंजिन : घाबरू नका, घाईही नको

या जुन्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा मर्सिडीजच्या परवान्याने इथे बनलेलं डिझेल इंजिन सापडतं. ते दणकट आहे, आणि ट्रॅक्ससारख्या गाड्यांतही तेच चाललं असल्याने सुटे भाग हुडकले तर मिळतात. गाडी घेताना सकाळी थंड इंजिनावर चालू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. खूप काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर ऑइलचा तवंग आहे का पाहा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही.

बरीच वर्षं उभी असेल तर लगेच सेल्फ मारू नका. जुनं डिझेल काढा, टाकी धुवा, फिल्टर बदला, ऑइल बदला, इंजिन हाताने फिरतं का बघा, मग लाइनमधली हवा काढून चालू करा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकायची सवय मोडा. त्यातले क्षार आत थर धरतात आणि उन्हाळ्यात गाडी घाटात उकळते. कूलंट टाका. ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हाही इलाज नाही, त्याने मूळ दुखणं झाकलं जातं.

५. कागद नसतील तर सगळं वाया

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवर जी गाडी लिहिली आहे तिच्यात मूलभूत बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या गाडीत पलंग टाकून माणसं नेली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो. म्हणून पत्रा कापायच्या आधी नागपूर ग्रामीण, म्हणजे एमएच-४० च्या परिवहन कार्यालयात काय बदल मान्य होईल ते विचारा. झालेल्या बदलाची नोंद आरसीवर घ्या.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २० वर्षांवरच्या गाड्यांना पुढे आणखी वाढलं. वर पर्यावरण कर, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करा. चेसिस नंबर आरसीशी जुळतो का आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे आधी बघा.

काही जण ‘व्हिंटेज’ नोंदणीचं आमिष दाखवतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. आत पलंग टाकलेल्या गाडीला ही वाट नाही.

सगळं जमलं तरी पहिलाच प्रवास सहाशे किलोमीटरचा करू नका. आपल्याच तालुक्यात विदर्भाची पंढरी आहे. एक रात्र धापेवाड्याला मुक्काम करा. स्वयंपाक करा, पंखे चालवा, झोपा. सकाळी चाकांना हात लावून कुठलं ड्रम जास्त तापतंय ते बघत परत या. जे बिघडायचं ते घराजवळ बिघडू द्या. आणि कागद किंवा पत्रा साथ देत नसेल, तर गाडी संत्र्याच्या बागेत विटांवर उभी करा. राखणीला पक्कं छप्पर मिळेल, आणि सडक्या गाडीत लेकरं घेऊन हायवेला लागायची वेळही येणार नाही.