रात्री मागितलेला करार

माझा भाचा रेकॉर्डींचा मोठा नादिष्ट. गेल्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे असतानाच आमचा वाद जुंपला. विषय काय, तर अमेरिकेतली 'निर्वाणा' ही वादक मंडळी!

"मामा, ती माणसे पैशापुढे वाकली. छोटी कंपनी सोडून बड्यांच्या दावणीला गेली!"

त्या दणदणाटातले मला काय कळणार? पण माझा उभा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला. म्हटले, खतावणी तरी पाहू.

सिएटल शहरात ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन या दोघा मित्रांची 'सब पॉप' ही रेकॉर्ड कंपनी होती. हौस दांडगी, भांडवल तुटपुंजे. १९८९ साली त्यांनी निर्वाणाची पहिली मोठी रेकॉर्ड 'ब्लीच' काढली. ध्वनिमुद्रणाचा खर्च अवघा ६०० डॉलरांच्या आसपास! त्याच सुमारास एका रात्री या मंडळींतला क्रिस्ट नोव्होसेलिक मद्याच्या तारेत पॅव्हिटच्या दारात येऊन थडकला. मागणी एकच: आमच्याशी लेखी करार करा! तोवरचा कारभार बराचसा तोंडीच होता. मग रीतसर कागद झाला.

पुढे सब पॉपचे दिवस ओढगस्तीचे आले. गावोगाव कार्यक्रम करावेत, तर तिथल्या दुकानांत रेकॉर्डच नसे. अखेर एप्रिल १९९१ मध्ये निर्वाणाने गेफेनच्या 'डीजीसी' या शाखेशी करार केला. पण आधीचा कागद आडवा आला! तो सोडवून घेण्यासाठी गेफेनला सब पॉपला ७५,००० डॉलर द्यावे लागले; शिवाय पुढच्या विक्रीत वाटा.

सप्टेंबर १९९१ मध्ये 'नेव्हरमाइंड' निघाली. अमेरिकेतील दुकानांत पहिल्या खेपेला सुमारे ४६,००० प्रती गेल्या. आणि जानेवारी १९९२ मध्ये तिने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले! त्या वाट्याने सब पॉप तरली. कंपनीवर विश्वास नव्हता म्हणून जो कागद मागितला, त्याच कागदाने कंपनी वाचविली!

"पाहिलेस? यात बुडाले कोण?" मी विजयी मुद्रेने विचारले.

भाचा चकली मोडत म्हणाला, "मामा, पुढचे पान उलटा. १९९३ साली 'इन युटेरो' त्यांनी मुद्दाम खरबरीत काढली. ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीचे. त्याने विक्रीतला वाटा नाकारला. प्लंबरसारखी कामापुरती मजुरी मागितली. कंपनीला तो आवाज रुचला नाही. शेवटी दोन गाण्यांवर दुसऱ्याकडून हात फिरवून घेतला. आणि एप्रिल १९९४ मध्ये कर्ट कोबेन गेला. सत्ताविसाव्या वर्षी. आपल्या हाताने."

मी वही मिटली. त्या दुखण्याची मुळे करारापलीकडे खोल होती, हे मलाही ठाऊक होते. पण ती रक्कम जमेत धरावी की नावे टाकावी, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

"लाव ती पहिली रेकॉर्ड," मी म्हटले, "६०० डॉलरांची."