स्मृतीची मर्यादा आणि पानांच्या येरझारा

वसईच्या पाचूबंदरातून मासेमारीसाठी दूर जाणाऱ्या होडीवर जागा मोजकीच असते. बर्फ, डिझेल, पाणी, शिधा व जाळी यांचा हिशेब तांडेलास निघण्यापूर्वीच करावा लागतो. राहिलेल्या प्रत्येक वस्तूसाठी बंदरास परतावयाचे म्हटले, तर दिवस प्रवासातच संपावयाचा. संगणकाच्या मुख्य स्मृतीचा प्रश्न तत्त्वतः याच जातीचा आहे.

मुख्य स्मृती वेगवान परंतु परिमित, तर तबकडी विस्तीर्ण परंतु मंद असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची होती. त्या काळी मजकुराचा कोणता भाग केव्हा स्मृतीत आणावा, ही चिंता सामान्यतः प्रोग्राम लिहिणाऱ्यासच वाहावी लागे. मँचेस्टरच्या ‘ॲटलस’ने (१९६२) ती यंत्राकडे सोपविली. तेथे १६,३८४ शब्दांची मुख्य स्मृती व ९८,३०४ शब्दांचे चुंबकीय पिंप मिळून एकच भांडार भासे. ५१२ शब्दांचे एक ‘पान’ याप्रमाणे मजकुराची ने-आण आपोआप होई.

तथापि, चिंता यंत्राकडे गेली म्हणून तिची किंमत नाहीशी झाली नाही. प्रत्येकी ५१२ संख्यांच्या १२८ ओळींचा एक तक्ता घेऊ. प्रत्येक ओळ एका पानात मावते, आणि स्मृतीत एका वेळी ३२ पाने राहतात. तक्ता ओळीमागून ओळ वाचल्यास १२८ पाने एकेकदा आणावी लागतात. तोच स्तंभामागून स्तंभ वाचला व सर्वांत जुने पान प्रथम बाहेर काढण्याचा नियम असला, तर प्रत्येक संख्येसाठी नवे पान आणावे लागते; म्हणजेच ६५,५३६ खेपा. उत्तर तेच, श्रम मात्र ५१२ पट.

एका खेपेची किंमतही ध्यानात घ्यावयास हवी. आजच्या स्मृतीतील वाचनास सुमारे १०० नॅनोसेकंद, तर फिरत्या तबकडीस सुमारे १० मिलिसेकंद लागतात. हजार वाचनांत एकदाच तबकडीकडे जावे लागले, तरी सरासरी काळ सुमारे शंभर पटींनी वाढतो. घन-अवस्था तबकडी ही दरी कमी करते, बुजवीत नाही.

पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली ‘कार्यसंच’ ही कल्पना येथे मार्गदर्शक ठरते. नजीकच्या काळात प्रोग्रामने वापरलेली पाने म्हणजे त्याचा कार्यसंच होय. चालू असलेल्या सर्व प्रोग्रामांचे कार्यसंच मिळून स्मृतीत मावेनासे झाले, की पानांच्या निष्फळ येरझारा सुरू होतात. यंत्र राबत राहते, काम पुढे सरकत नाही.

यावरून उपाय आपोआप सूचित होतात. मजकूर ज्या क्रमाने साठविला त्याच क्रमाने वाचावा. मोठा तक्ता स्मृतीत मावतील अशा तुकड्यांनी हाताळावा. अचूकतेस बाध येत नसेल तेथे आठ बाइटांऐवजी चार बाइटांच्या संख्या वापराव्यात. आणि अवजड कामे एकाच वेळी न लावता एकामागून एक चालवावीत. अदलाबदलीची सोय समूळ बंद करणे हा मात्र सरसकट उपाय नव्हे. निरुपयोगी पान बाहेर गेल्याने हानी होत नाही. ती होते लागणारे पान वारंवार परत आणावे लागल्याने. शिवाय, ही सोय नसता स्मृती संपली, तर चालू प्रोग्रामच बंद पाडण्याची पाळी यंत्रणेवर येऊ शकते, व अनेक तासांचे गणित वाया जाते. म्हणून अधिक स्मृती विकत घेण्यापूर्वी आपल्या प्रोग्रामाचा कार्यसंच किती, हे मोजणे श्रेयस्कर होय.