प्राणी मोजायचेत? मग झाडू आणा!

राजस्थानात जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलंय मरू राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ३१६२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या पाचपटीहूनही जास्त! समजा, तुम्हाला कुणी म्हणालं, "इथे पाठीचा कणा असलेले प्राणी कोणकोणते आहेत, त्यांची यादी करा बरं!" कुठून सुरुवात कराल?

भरदुपारी तिथे उभं राहिलात तर दिसेल वाळू, खडकाळ माळ, सेवण गवताचे झुबके, एखादं खेजडीचं झाड. बाकी सामसूम. उन्हाला चुकवून बहुतेक सगळे बिळात नाहीतर सावलीत दडलेले असतात.

म्हणून संध्याकाळी वाळूचा एक पट्टा झाडून सपाट करायचा आणि सकाळी वारा सुटायच्या आत तिथे परत यायचं. कोवळं ऊन तिरकं पडतं, प्रत्येक ठशाच्या कडेला सावली येते आणि ठसा कसा उठून दिसतो! हे बघा, चार बोटं आणि प्रत्येक बोटापुढे नखाचं टिंब. कोल्हा गेला. शेजारी पुन्हा चार बोटं, ठसा गोलसर, नखं मात्र कुठेच नाहीत. ही वाळवंटी मांजर, चालताना नखं आत ओढून घेते ना! आणि या तिरक्या, सुट्या सुट्या, समांतर रेघा? कोकणातल्या मुलांच्या चांगल्या ओळखीचा साप, फुरसं. सैल वाळूत ते अंग उचलत आडवं सरकतं, म्हणून सलग रेघ उमटतच नाही.

पण कोल्हा कोणता? ठशावरून ते सांगणं कठीण. मग वाटेवर झुडपाला कॅमेरा बांधून ठेवतात. समोरून ऊबदार अंगाचा प्राणी गेला की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. फोटोत शेपटीचं टोक बघायचं. पांढरं असेल तर वाळवंटी कोल्हा, काळं असेल तर आपल्याकडेही दिसणारी खोकड.

पाणवठ्यापाशी पौर्णिमेच्या रात्री जागूनही मोजणी करतात, अगदी आपल्याकडे करतात तशीच. पण वाळवंटात त्यात एक मोठी गोम आहे. चिंकारा पाला आणि दव यांतूनच पाणी मिळवतो, कितीतरी दिवस पाणवठ्याकडे फिरकत नाही. काटेरी शेपटीचा, पाला खाणारा सांडा नावाचा सरडाही तसाच. मग सांड्याची बिळं मोजावी लागतात. तो आत शिरला की बिळाचं तोंड मातीने बंद करून घेतो.

माळढोकासाठी जीप अगदी हळू चालवत दोन्ही बाजूंना डोळे लावून बसायचं. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी, पण मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर! आता मोकळ्या रानात दीडशेसुद्धा उरले नसतील. त्यामुळे एक जरी दिसला तरी वहीत लिहिताना हात थरथरतो.

आणि बेडूक? हो, वाळवंटातही बेडूक असतात! टाचेवरच्या फावड्यासारख्या कठीण उंचवट्याने माती उकरत ते मागे मागे सरकतात, जमिनीत स्वतःला पुरून घेतात आणि पावसाची वाट बघतात. मे महिन्यात मोजणी केली तर बेडकाच्या रकान्यात शून्य येईल. जुलैत पहिली जोरदार सर आली, की जिथे तुम्ही मे महिन्यात वही घेऊन उभे होतात, तिथूनच तो वर येईल.